हरलेला वकील

जुलैतल्या एका रविवारी आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भिंतीला पांढरी चादर लावून आम्ही दहा-पंधरा जण ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ बघत होतो. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की ग्रेगरी पेकची उलटतपासणी अर्धी ऐकू येत होती, अर्धी आठवणीतून भरून काढावी लागत होती. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाला ज्यूरी दोषी ठरवते. खालची गोरी माणसं पांगतात. त्याचा गोरा वकील ॲटिकस फिंच, म्हणजे पेक, आपले कागद बॅगेत भरतो आणि एकटाच मधल्या वाटेनं बाहेर निघतो. वर गॅलरीत बसलेली काळी माणसं एकेक करून उठून उभी राहतात, आणि त्याला ते दिसतही नाही. या ठिकाणी दर वेळी माझा घसा दाटतो. त्या दिवशीही दाटला, आणि अंधार होता म्हणून मी पदरानं डोळे टिपून घेतले. दिवे लागले, चहा आला. आमच्यातली सगळ्यांत धाकटी, तालुक्याच्या कोर्टात नुकती रुळू लागलेली वकील मुलगी, कपावर बोटं शेकत म्हणाली, “ताई, पण तो हरला होता ना? मग उठून उभं कशाला राहायचं?” कुणीतरी म्हणालं, अगं, आदर म्हणून. ती म्हणाली, “कोर्टात साहेब आले की आम्ही उठतो. तो रिवाज आहे. वकिलासाठी कोण उठतं? मी त्या गॅलरीत असते तर बसून राहिले असते.”

ती कुठल्या वस्तीतून येते हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.

तेवढ्यावर विषय पावसाकडे आणि घरी जायच्या वाटेकडे वळला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. १९३०च्या दशकात, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामात घडणारी हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० सालची, म्हणजे माझ्या पिढीनं ती वाचली तेव्हाच तिच्याभोवती आरती ओवाळली जात होती. पुलित्झर मिळालेलं, सिनेमाला ऑस्कर मिळालेलं, आणि कायद्याला गेलेल्या प्रत्येक दुसऱ्या मित्राच्या तोंडी ‘ॲटिकससारखं व्हायचंय’. मला त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट भाषणाची नव्हतीच. शेजारच्या मिस मॉडी त्याच्याबद्दल सांगतात की हा माणूस घरात जसा असतो तसाच भर रस्त्यात असतो. हे सोपं वाटतं. आपल्या ओळखीतली माणसं एकेक आठवून बघा म्हणजे कळेल. बाहेर समतेवर व्याख्यानं देऊन घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारे कितीतरी निघतील, आणि त्याउलट घरात प्रेमळ असून कचेरीच्या खुर्चीत बसताच दगड होणारेही.

माझा एक मामा तालुक्याला फौजदारी वकील होता. काळा कोट उन्हात विटून हिरवट झालेला, खिशात पानाचा डबा. पक्षकार फी म्हणून शेंगांचं पोतं आणत, गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाची ढेप आणत, आणि मामी कपाळाला आठ्या घालून ते माळ्यावर टाकायला लावायची. म्हणून ॲटिकसकडे तो गरीब शेतकरी कनिंगहॅम सरपणाचे भारे, अक्रोडासारखी फळं आणि सलगमाचा पाला फीपोटी पोचवतो ते वाचलं तेव्हा मला अलाबामा फार लांब वाटलं नाही. एकदा गावात बदनाम झालेल्या कुणाचं तरी वकीलपत्र मामानं घेतलं होतं. आजीनं विचारलं, अरे, तो खरा आहे का? मामा म्हणाला, “तो खरा आहे का ते बघायला कोर्ट बसलंय. मी काम नीट करतो का, हे बघायला फक्त मी.” तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. पुढे ॲटिकस भेटल्यावर वाटलं, नाही, यातच काहीतरी आहे.

कारण तो खटला पुन्हा सावकाश वाचला तर ॲटिकस तिथं कसलाही चमत्कार करत नाही. तो गृहपाठ करून आलेला माणूस आहे. शेरीफला त्याचा पहिला प्रश्न, डॉक्टरला बोलावलं होतं का? नव्हतं बोलावलं. बलात्काराचा आरोप, मृत्युदंड होऊ शकणारा खटला, आणि वैद्यकीय तपासणीच नाही. मग मुलीच्या तोंडावरची मार लागलेली बाजू कोणती? उजवी. मग तिच्या बापाला, बॉब यूएलला, तो एका लिफाफ्याच्या पाठीवर नाव लिहायला सांगतो आणि सगळं कोर्ट बघतं की हा डावखुरा आहे. शेवटी टॉम रॉबिन्सन उभा राहतो तेव्हा त्याचा डावा हात लुळा लोंबताना दिसतो. लहान असताना तो कापसाच्या जिनात सापडलेला. बस. एवढंच. आपल्याकडचा कुणीही बरा वकील हे करेल, असं म्हणता येईल. पण निकाल काय लागणार हे आधीच माहीत असताना इतक्या बारकाईनं करेल का, हा खरा प्रश्न आहे. नेमलेला वकील हजेरी लावतो, दोन प्रश्न विचारतो, पुढच्या तारखेला निघतो. ॲटिकस हरण्याची खात्री असलेला खटला जिंकायचा असल्यासारखा चालवतो. बारा गोरे पुरुष आत जातात, काही तासांनी बाहेर येतात आणि ‘दोषी’ म्हणतात. मिस मॉडी नंतर मुलांना समजावतात की एवढा वेळ ज्यूरीला दुसऱ्या कुणी लावायला भाग पाडलं नसतं, हे एक पाऊलच आहे, लहान बाळाचं का होईना.

काही तास. ते पुढे पडलेलं पाऊल आहे की नाही, हे तुम्ही खाली बसला आहात की वर, यावर अवलंबून आहे.

अमेरिकेत हा हिशेब आधीच मांडला गेला आहे. १९९२ साली मन्रो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी एका वकिली साप्ताहिकात ॲटिकसचा जणू मृत्युलेखच लिहिला आणि वकीलमंडळी खवळली. त्यांचं म्हणणं असं की या माणसानं हा खटला आपणहून घेतलेला नाही, न्यायाधीश टेलरनं त्याला नेमलं म्हणून घेतला. तो राज्याच्या विधिमंडळात बसतो, पण ज्या कोर्टात तो रोज जातो तिथं काळ्यांनी वर गॅलरीत बसायचं, याबद्दल त्यानं कधी बोट उचललं नाही. मी हे प्रथम वाचलं तेव्हा रागावले. कादंबरीतल्या माणसावर फिर्याद कशी काय लावता, असं वाटलं. मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि फ्रीडमनच्या बाजूचे पुरावे सापडत गेले. काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेबद्दल मुलांनी विचारल्यावर ॲटिकस सांगतो, ती आता कधी परतायची नाही, आणि १९२०च्या सुमाराला होती तेव्हाही जास्त करून एक राजकीय संघटना होती. टॉमला तुरुंगातून ओढून मारायला आलेल्या जमावातल्या कनिंगहॅमबद्दल म्हणतो, माणूस मुळात चांगला आहे, काही गोष्टी त्याला दिसत नाहीत एवढंच. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघावं, हे तो मुलीला शिकवतो, आणि तो स्वतः ते इतकं मनापासून करतो की खुनाला निघालेल्या माणसाच्या जागीही उभा राहून येतो. तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून, दिवा लावून, वर्तमानपत्र वाचत बसलेला ॲटिकस हे चित्र सुंदर आहे. पण त्या रात्री जमाव परततो तो त्याच्या लहान मुलीनं कनिंगहॅमच्या पोराची चौकशी केल्यामुळे. हार्पर ली यांनी त्या प्रसंगात दैवाचा थोडा हातभार घेतला आहे.

ज्या काळात ही गोष्ट घडते, त्याच काळात, त्याच अलाबामात एक खरा माणूस होता. त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. १९३१च्या मार्चमध्ये मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या मुलांना पेंट रॉक स्टेशनात उतरवलं गेलं आणि गाडीतल्याच दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. सगळ्यांत धाकटा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. दोन आठवड्यांच्या आत स्कॉट्सबरो गावात खटले उभे राहिले. वकील दोन. एक शेजारच्या राज्यातून आलेला, जमीनजुमल्याची कामं करणारा आणि सकाळीच दारू प्यायलेला. दुसरा म्हातारा, विसरभोळा. आठ जणांना मृत्युदंड. सर्वोच्च न्यायालयानं १९३२ साली ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’त ते निकाल फिरवले, कारण अशा वकिलांना वकील म्हणता येत नाही. (याच निकालातला उतारा आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली घेतला आहे, तेही वकील संघटनांच्या ‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असल्या ठरावांना बेकायदा ठरवताना. असले ठराव आपल्याकडे होतात हे तालुक्याच्या बाररूममध्ये चहा प्यायलेल्या कुणालाही सांगायला नको.)

खटले पुन्हा सुरू झाले तेव्हा डिकेटर गावात न्यायासनावर जेम्स हॉर्टन होते. उंच, सडपातळ, जुन्या घराण्यातले, दक्षिणेच्या रीतीभातींत मुरलेले. जमाव येणार अशी कुजबुज झाली तेव्हा त्यांनी भर कोर्टात बजावलं की कैद्यांवर चाल करून येणारा जिवाला मुकेल, पहारेकऱ्यांना तसे आदेश आहेत. इथं दिवा नाही, वर्तमानपत्र नाही, निरागस मुलगी नाही. ज्या दोन डॉक्टरांनी त्या तरुणींना तपासलं होतं त्यांतला धाकटा, हॉर्टन यांना कोर्टाच्या स्वच्छतागृहात गाठून, आपल्याला त्या खोटं बोलताहेत असं वाटतं, पण हे साक्षीत सांगितलं तर माझा धंदा बसेल, असं म्हणाला. निदान हॉर्टन यांनी पुढे तसं सांगितलं, त्या डॉक्टरनं ते नाकारलं. दोघींपैकी एकीनं तर साक्षीत येऊन असं काही घडलंच नाही म्हणून सांगितलं. तरी ज्यूरीनं त्या नऊ जणांपैकी हेवूड पॅटरसनला पुन्हा मृत्युदंडच सुनावला. जून १९३३मध्ये हॉर्टन यांनी पुरावा एकेक ओळ वाचून दाखवत तो निकाल स्वतःच रद्द केला. आकाश कोसळलं तरी बेहत्तर, न्याय झाला पाहिजे, हे लॅटिन वचन आपल्याला आईनं शिकवलं होतं, एवढंच त्यांचं त्यावरचं म्हणणं. आकाश कोसळलं नाही, पण पुढच्याच वर्षी, १९३४ साली, मतदारांनी त्यांना न्यायासनावरून उतरवलं. ते शेतीकडे वळले.

कादंबरीत खटल्यानंतरच्या शरद ऋतूत काय होतं माहीत आहे? ॲटिकस विधिमंडळावर पुन्हा निवडून येतो. बिनविरोध.

हे वाक्य पुस्तकात इतकं सहज येऊन जातं की अनेक वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता मला ते सगळ्या पुस्तकातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य वाटतं. गावानं त्याला शिव्या दिल्या, यूएल त्याच्या तोंडावर थुंकला, मुलांच्या जिवावर बेतलं. पण गाव म्हणून गावानं त्याला आपल्यातून काढलं नाही. त्याची सचोटी गावाला परवडली. एक सज्जन वकील आपल्यातही आहे, त्यानं एका काळ्या माणसासाठी जीव तोडून वकिली केली, आणि तरी शेवटी व्हायचं तेच झालं, याचं गावाला समाधानच वाटलं असेल. हॉर्टन गावाला परवडले नाहीत, कारण त्यांच्या हातात निकाल होता आणि त्यांनी तो बदलला. २०१५ साली हार्पर लींचं दुसरं पुस्तक ‘गो सेट अ वॉचमन’ छापून आलं आणि त्यातला बहात्तर वर्षांचा ॲटिकस वंशभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत बसलेला दिसला तेव्हा कित्येकांना विश्वासघात झाल्यासारखं वाटलं. मला नाही वाटला. ज्याला आपलं गाव मुळात चांगलंच वाटतं, तो गावाला बदलायला बाहेरून कुणी आलं की गावाच्या बाजूनं उभा राहणारच.

हार्पर लींचं खरं गाव मन्रोव्हिल. तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे, तिथं या कादंबरीचं नाटक होतं आणि ज्यूरी म्हणून प्रेक्षकांतलेच पुरुष बसवतात. १९९७ साली अलाबामाच्या वकील संघटनेनं ॲटिकस फिंचच्या नावाचं स्मारकही तिथं उभारलं. काल्पनिक वकिलाचं खरं स्मारक. पण त्याच गावात १९८६ साली एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन नावाच्या काळ्या माणसाला पकडलं. खुनाच्या वेळी त्याच्या घरी चर्चसाठी मासे तळून विकायचा कार्यक्रम चालला होता, डझनावारी माणसांनी त्याला तिथं पाहिलं होतं, बहुतेक काळीच. खटला उभा राहण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत टाकलं. खटला चालला दीड दिवस. ज्यूरीनं जन्मठेप सुचवली, न्यायाधीशानं ती बदलून मृत्युदंड सुनावला. ब्रायन स्टीव्हन्सन नावाच्या काळ्या वकिलानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साक्षी कशा रचल्या होत्या ते उकरून काढलं, तेव्हा १९९३मध्ये तो सुटला. ॲटिकसवर जीव टाकणाऱ्या गावाला आपल्या डोळ्यांदेखत चाललेला टॉम ओळखता आला नाही.

स्टीव्हन्सनचं नाव आलं आणि मला त्या मुलीचा प्रश्न नव्यानं दिसला. ती उठली नसती, कारण तिला तिथं बसायचंच नव्हतं. तिला खाली, वकिलांच्या टेबलापाशी उभं राहायचं होतं, आणि ती राहिलीच आहे. ॲटिकसच्या काळातही खाली उतरलेली काळी माणसं होती. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हॉवर्ड विद्यापीठात काळ्या वकिलांची एक फळी घडवत होते. त्यांचा शिष्य थर्गुड मार्शल. ज्या मेरीलँड विद्यापीठात काळ्यांना कायद्याला प्रवेश नव्हता, त्याच विद्यापीठाविरुद्ध त्यानं १९३५-३६ साली एका काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा खटला जिंकला. १९४६ साली टेनेसीतल्या कोलंबिया गावात काळ्या आरोपींचा बचाव करून तो परतत होता. वाटेत पोलिसांनी त्याला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खोट्या आरोपाखाली पकडलं आणि गाडी डक नदीच्या दिशेनं वळवली. साथीदारांनी मागोमाग येऊन पाठ सोडली नाही म्हणून तो वाचला. ॲटिकस तुरुंगाबाहेर राखण करत बसला होता ती टॉमची. मार्शलच्या बाबतीत वकील कोण आणि झाडाला लटकवायचा माणूस कोण, यात जमावानं फरक केला नसता.

त्याच १९४६ सालातला एक पत्रव्यवहार आहे. डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलं की अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास करणं स्वाभाविकच नव्हे तर गरजेचं आहे. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी पाठवलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी लगेच उत्तरही दिलं. बाबासाहेब बॅरिस्टर होते, पण महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात, जो १९२७ साली दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली संपला, कागदोपत्री त्यांचं नाव प्रतिवादी म्हणून आहे. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर.’ गॅलरीतला माणूस आणि काळ्या कोटातला माणूस इथं एकच. म्हणून आमच्याकडे सहृदय सवर्ण वकिलाची गोष्ट कधी इतकी मोठी झाली नसावी. ज्यांना गरज होती त्यांनी तिची वाट बघितली नाही.

तरीही मी ॲटिकसला निकालात काढू शकत नाही. त्या मुलीनं एकदा जिन्यात भेटल्यावर एक वेगळीच बाजू काढली. म्हणाली, “तुम्ही सगळे टॉमबद्दल बोलता. मेएलाबद्दल बोला ना.” बरोबर आहे. उकिरड्याशेजारच्या त्या घाणेरड्या घराच्या आवारात सहा फुटक्या भांड्यांत लावलेली लाल जिरेनियमची रोपं आहेत, ती मेएला यूएलची. एकोणीस वर्षांची, आई नसलेली, धाकट्या भावंडांचं ओझं आणि वर दारुडा बाप. बाप आपल्याशी जे करतो ते मोजायचं नसतं, असं ती म्हणाल्याचं टॉमच्या साक्षीतून कळतं. ॲटिकस तिला ‘मिस मेएला’ म्हणतो तर तिला वाटतं, हा आपली टिंगल करतोय, कारण जन्मात तिच्याशी कुणी असं बोललेलं नाही. आणि हा सज्जन माणूस तिला सगळ्या गावासमोर सोलून काढतो. त्याला करावंच लागतं, टॉमचा जीव त्यावर आहे. पण मथुरा प्रकरण ज्या राज्यात घडलं, जिथं पोलीस चौकीत बलात्कार झालेल्या आदिवासी मुलीला सत्र न्यायालयानं शरीरसंबंधांची सवय असलेली ठरवून टाकलं आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, तिथल्या बाईला अशी उलटतपासणी बघताना टाळ्या वाजवता येत नाहीत. हत्यार तेच आहे. हार्पर लींनी ते योग्य माणसाच्या हातात दिलं, एवढंच. ॲटिकसचं मोठेपण मला उलट इथं दिसतं. मेएलाला रडवून तो जागेवर परततो तेव्हा त्याला त्यात काडीचाही आनंद नसतो. समारोपाच्या भाषणात तो तिच्याबद्दल सहानुभूतीनं बोलतो, पण तिच्यासाठी टॉमचा जीव द्यायला तयार होत नाही. वकिलाला दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवता येणं फार कठीण आहे. माझ्या मामाला ते जमत नसे. समोरचा साक्षीदार फोडला की रात्री त्याला दोन घास जास्त जायचे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिंचांच्या स्वयंपाकघरात टेबल भरून गेलेलं असतं. मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, टोमॅटो, शेंगा, द्राक्षं. पहाटेच काळ्या वस्तीतून मागच्या दारी आलेलं. हरलेल्या वकिलाची फी. ॲटिकसच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो घरातल्या काळ्या स्वयंपाकीण कॅल्पर्नियाला सांगतो की त्यांना म्हणावं, पुन्हा असं करू नका, दिवस वाईट आहेत. गॅलरीत उभं राहणं फुकट होतं, हे फुकट नव्हतं. मंदीच्या वर्षात कुणाच्या तरी घरातला तो हिवाळ्याचा साठा असणार. हे त्या मुलीला सांगितलं तर ती काय म्हणेल मला माहीत आहे. म्हणेल, टॉमच्या बायकोकडे काय पोचवलं? तर चर्चमध्ये हेलनसाठी दहा डॉलर जमेपर्यंत रेव्हरंड साइक्स कुणाला बाहेर सोडत नाहीत, हेही पुस्तकात आहे, आणि तेव्हा खटला उभाही राहिलेला नाही. वस्तीनं आपली माणसं आपण सांभाळली, आणि शिवाय या गोऱ्या वकिलालाही काहीतरी दिलं.

मामा रात्री ओसरीवर पक्षकारांना दुसऱ्या दिवशीच्या साक्षीची तयारी करवायचा. पढवणं म्हणतात त्याला, सगळीकडे चालतं. दिव्याभोवती पाकोळ्या, पायरीवर उकिडवा बसलेला कुणी शेतकरी, आणि मामाचं ठरलेलं पालुपद, “जास्त बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं.” टॉमची साक्ष वाचताना जाणवतं की ॲटिकसनं त्याला पढवलेलं नाही. पढवलं असतं तर त्यानं मेएलाचं लाकूडफाटा फोडून देणं, कपाटावरची पेटी काढायला जाणं, पैसे न घेता येता-जाता मदत करणं, याला एखादं निर्धास्त कारण दिलं असतं. बाईंनी सांगितलं, नाही म्हणायची भीती वाटली. भीती गोऱ्या ज्यूरीला चालली असती, भीती ती रोज बघत होती. टॉम मेएलाला खोटारडीही म्हणत नाही, म्हणतो तिच्या मनाचा काहीतरी घोटाळा झालाय. मग सरकारी वकील गिल्मर त्याला विचारतो की फुकटात एवढं काम का करत होतास, आणि टॉम सांगतो, मला तिची कीव आली. गोऱ्या बाईची, काळ्या माणसाला. खाली बाकांवरची माणसं अस्वस्थ होऊन हलतात. टॉमला आपण काय बोललो ते कळतं, पण तोवर ते बोलून झालेलं असतं, आणि त्याच्या मदतीला कुणी येऊ शकत नाही, ॲटिकसही नाही. समारोपात तो तेच वाक्य उचलून ज्यूरीपुढे ठेवतो, झाकत नाही. बिचाऱ्यानं विचारलं त्यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नव्हता. त्याला प्रश्नच तो विचारला होता.